उतरलेली विमानं, उरलेली नावं

२०२५च्या जूनअखेरीस न्यूयॉर्कहून एक बोइंग ७५७ अटलांटिकपार निघालं. विमानावर पॅन ॲम या जुन्या अमेरिकी विमान कंपनीचं निळं गोल बोधचिन्ह रंगवलेलं होतं. प्रवासी जेमतेम पन्नास, आणि बर्म्युडा, लिस्बन, मार्से, लंडन, आयर्लंडमधलं फॉइन्स अशा मुक्कामांच्या त्या सहलीचं भाडं माणशी साठ हजार डॉलरच्या घरात होतं. एके काळी याच वाटांनी पॅन ॲमची पाण्यावर उतरणारी विमानं जात-येत, म्हणून हे मुक्काम निवडलेले. विमान भाड्याचं होतं. मूळ कंपनी ४ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली, त्याला तेहतीस वर्षं उलटून गेली होती. तिचं नाव विकत घेतलेल्या नव्या मालकांनी ही सहल काढली आणि जागा भरल्या. पुढे याच नावाने नियमित विमानसेवा सुरू करण्याचा आपला विचारही त्यांनी जाहीर केला.

बंद पडलेल्या कंपनीच्या नावावर इतकी माया इतर धंद्यांत क्वचितच दिसते. बँका बुडतात, गिरण्या बंद होतात, स्कूटरचे कारखाने संपतात. त्यांचीही आठवण निघते, पण त्यांचे जुने बिल्ले आणि वेळापत्रकं जपणारी, विकणारी, त्यासाठी संमेलनं भरवणारी माणसं जगभर सापडत नाहीत. विमान कंपन्यांची सापडतात. याचं कारण उघड आहे. विमानप्रवास दुर्मिळ होता त्या काळात तो नेहमी आयुष्यातल्या मोठ्या घटनेला जोडलेला असे. कोणी शिकायला अमेरिकेला निघालेलं, कोणी आखातात नोकरीला, कोणी लग्न होऊन लंडनला. सांताक्रूझला आणि पुढे सहारला एका माणसाला निरोप द्यायला अख्खं कुटुंब टेम्पो करून जात असे, हार घातले जात, नारळ दिला जाई. त्या दिवसाच्या फोटोत मागे जी विमानाची शेपटी दिसते, ती त्या कुटुंबाच्या इतिहासाचा भाग होऊन बसते. पुढे ती कंपनी नफ्यात होती की तोट्यात, याच्याशी या भावनेचा संबंध नसतो.

ही भावना खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे, असं मी मानतो. पण तिच्या भांडवलावर पुन्हा विमान कंपनी उभी करता येते का, हा वेगळा प्रश्न आहे. गेल्या चार दशकांत या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत, युरोपात आणि आपल्याकडे पुन्हा पुन्हा मिळालं आहे, आणि थोडे अपवाद सोडले तर ते नकारार्थी आहे.

पॅन ॲमपासूनच सुरुवात करू, कारण या बाबतीत तिच्याइतकं मोठं उदाहरण नाही. १९२७ साली फ्लोरिडातल्या की वेस्टहून क्यूबातल्या हवानाला टपाल नेण्यापासून ती सुरू झाली. ह्वान ट्रिप नावाच्या तरुणाने ती वाढवली. १९३५च्या नोव्हेंबरात तिचं ‘चायना क्लिपर’ सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून उडालं आणि बेटांवर थांबत थांबत मनिलाला पोचलं. प्रशांत महासागर ओलांडणारी ती पहिली नियमित विमानटपाल सेवा. १९६६ साली ट्रिपनेच बोइंगला पंचवीस जंबो विमानांची ऑर्डर दिली. तेव्हा ७४७ फक्त कागदावर होतं. जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्क-लंडन मार्गावर त्याची पहिली फेरी पॅन ॲमनेच केली. माणूस चंद्रावर उतरण्याच्या सुमारास कंपनीने चंद्राच्या प्रवासासाठी नावं नोंदवून घ्यायला सुरुवात केली, तर त्र्याण्णव हजारांहून अधिक लोकांनी नावं दिली. लोकांना तेव्हा त्या कंपनीबद्दल काय वाटत होतं, हे समजायला एवढा आकडा पुरे.

आणि तरीही ती बुडाली. पॅन ॲमकडे जगभरचे मार्ग होते, पण अमेरिकेच्या आतले मार्ग जवळजवळ नव्हते. सरकारी धोरणाने ते तिला मिळू दिले नव्हते. १९७८ साली अमेरिकेत विमानवाहतूक खुली झाली आणि देशांतर्गत जाळं असलेल्या कंपन्या परदेशी मार्गांवर उतरल्या. ती पोकळी भरायला पॅन ॲमने १९८० साली नॅशनल एअरलाइन्स महाग भावात विकत घेतली. मग घरातल्या वस्तू विकायची पाळी आली. १९८१ साली न्यूयॉर्कची प्रसिद्ध इमारत गेली, त्याच वर्षी इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलं गेली, पुढे प्रशांत महासागरावरचे मार्ग युनायटेडला विकले गेले. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फ्लाइट १०३ बॉम्बने फुटलं आणि २७० माणसं मेली. त्यानंतर प्रवाशांचा विश्वास उडाला. शेवटी डेल्टाने बराचसा भाग घेतला, उरलेल्या लहानशा कंपनीला पैसे पुरवण्याचं बोलणं होतं, ते डेल्टाने मागे घेतलं आणि विमानं थांबली.

त्या नावाचं पुढे काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे. १९९६ साली दुसरी पॅन ॲम आली. रंग तोच, गोल तोच. ती दीड वर्षात दिवाळखोरीत गेली. मग गिल्फर्ड नावाच्या रेल्वे कंपनीने नाव घेतलं आणि तिसरी पॅन ॲम अमेरिकेतल्या लहान लहान विमानतळांवरून उडवली. तीही २००४ साली थांबली; लहान विमानांची एक शाखा २००८ पर्यंत तग धरून होती. त्या रेल्वे कंपनीला मात्र नाव इतकं आवडलं, की तिने आपल्या मालगाड्यांनाच ते दिलं, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं न्यू इंग्लंडच्या रुळांवर पॅन ॲमचा निळा गोल धावत होता. २०२२ साली सीएसएक्स या मोठ्या रेल्वेने ती कंपनी घेतली. २०११ साली पॅन ॲमवर दूरदर्शन मालिका निघाली. निळ्या पिशव्या अजून विकल्या जातात. म्हणजे मूळ कंपनी सोडून बाकी सगळीकडे ते नाव चाललं.

ब्रॅनिफचीही तीच गत. एमिलिओ पुचीने गणवेश केले, अलेक्झांडर काल्डरसारख्या शिल्पकाराने विमानं रंगवली, अशी ही देखणी कंपनी १२ मे १९८२ रोजी एका दिवसात थांबली. दोनदा पुन्हा उभी केली, दोन्हीदा बंद पडली. ईस्टर्न १९९१ मध्ये गेली. तिच्या नावाने २०१५ साली मायामीहून पुन्हा विमानं उडाली आणि दोन वर्षांत तो प्रयत्नही गुंडाळला गेला. ते नाव मग तिसऱ्याच एका कंपनीने लावलं. ब्रिटनमधली फ्लायबी मार्च २०२० मध्ये बुडाली, एप्रिल २०२२ मध्ये परत आली आणि २८ जानेवारी २०२३ रोजी दुसऱ्यांदा बुडाली. परत आलेल्या कंपनीला एक वर्षही पुरं करता आलं नाही.

अपवाद म्हणून डेन्व्हरच्या फ्रंटियरकडे बोट दाखवलं जातं, आणि तो अपवाद खरा आहे. जुनी फ्रंटियर १९८६ मध्ये बंद झाली, नवी १९९४ मध्ये त्याच गावातून सुरू झाली आणि ती आजही उडते. पण का उडते? त्या वर्षी कॉन्टिनेंटलने डेन्व्हरमधला आपला पसारा आवरला होता, त्या मार्गांवर प्रवासी होते आणि विमान नव्हतं. जुन्या फ्रंटियरमधलीच माणसं ती जागा भरायला पुढे आली. मार्ग रिकामा होता, गाव तेच होतं, कामाची माहिती असलेली माणसं तीच होती. यात नावाचा वाटा चौथा. हे चार भाग एकत्र आले तेव्हाच जुनं नाव चाललं, आणि पहिले तीन नसताना ते कुठेही चाललेलं नाही.

नाव मरत नाही याला भावनेइतकंच कायद्याचंही कारण आहे. अमेरिकेत सलग तीन वर्षं न वापरलेलं व्यापारचिन्ह सोडून दिलं असं प्रथमदर्शनी धरलं जातं. आपल्या १९९९च्या कायद्यात ती मुदत पाच वर्षं आणि वर तीन महिने अशी आहे. म्हणून विलीन झालेल्या कंपन्यांची नावं मोठ्या कंपन्या कुठे ना कुठे वापरात ठेवतात. पीडमाँट आणि पीएसए ही अमेरिकेतली जुनी नावं अशीच उपकंपन्यांच्या अंगावर आजही आहेत. अमेरिकन एअरलाइन्सने आपली काही विमानं टीडब्ल्यूएसारख्या गिळलेल्या कंपन्यांच्या जुन्या रंगांत रंगवली आहेत. त्या विमानांचे फोटो काढायला लोक विमानतळाच्या कुंपणाशी तासन् तास उभे राहतात. निवृत्त कर्मचारी त्या विमानापाशी येऊन शिडीला हात लावतात. कंपनीचा हेतू कोणताही असो, त्या माणसांना मिळणारा आनंद खरा असतो. जुनं नाव वापरायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही: चालू कंपनीने, चालू विमानावर, कोणाला खोटी आशा न दाखवता.

आता आपल्याकडे येऊ. इथे हा प्रश्न आठवणींच्या संमेलनाचा राहत नाही. तो थकलेल्या पगाराचा, गुंतलेल्या कर्जाचा आणि न्यायालयाचा होतो.

विमान कंपनी म्हणजे नेमकं काय असतं, हे भारतातल्या दोन उदाहरणांवरून चांगलं कळतं. १९९३ साली लुफ्थान्साच्या साहाय्याने मोदीलुफ्त सुरू झाली आणि १९९६ मध्ये बंद पडली. तिचं नाव आज कोणाला आठवत नाही. पण तिची कंपनी आणि परवाना टिकून राहिला, रॉयल एअरवेज या नावाखाली पडून राहिला, आणि त्याच पायावर मे २००५ मध्ये स्पाइसजेट उडाली. नाव गेलं, परवाना राहिला, आणि कंपनी झाली. याच्या अगदी उलट किंगफिशर. २००५च्या मे महिन्यात सुरू झालेली, प्रत्येक आसनापुढे पडदा, जेवण उत्तम, गाजावाजा प्रचंड. २०१२च्या ऑक्टोबरात तिचा परवाना स्थगित झाला. त्याआधी कित्येक महिने कर्मचाऱ्यांना पगार नव्हता. कर्ज देताना बँकांनी तारण म्हणून जे घेतलं त्यात किंगफिशर हे विमानसेवेचं नाव आणि बोधचिन्ह होतं, आणि त्याची किंमत चार हजार कोटी रुपयांहून जास्त लावली गेली होती. ३० एप्रिल २०१६ रोजी मुंबईत त्या नावाचा लिलाव झाला. राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख. एकही बोली आली नाही. नंतरच्या प्रयत्नालाही ग्राहक मिळाला नाही. विकलं गेलं ते जमिनीवरचं: गोव्यात कांदोळीचा बंगला २०१७ साली ७३ कोटींना गेला, आणि विलेपार्ल्याचं मुख्यालय अनेक लिलाव फसल्यावर २०२१ साली ५२ कोटींच्या आसपास. चालू असताना चार हजार कोटींचं असलेलं नाव विमानं थांबल्यावर शून्याचं झालं. विमान कंपनीचं नाव तारण घेणाऱ्या प्रत्येक बँकेच्या भिंतीवर हा आकडा लावून ठेवावा.

असं का होतं? कारण विमान कंपनीच्या मालकीचं फार थोडं असतं. विमानं बहुतेक भाड्याची. हप्ता थकला की मालक येऊन ती घेऊन जातो. मुंबई-दिल्लीसारख्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, ज्यांना सगळे स्लॉट म्हणतात, त्या काही आठवड्यांत दुसऱ्यांना दिल्या जातात आणि एकदा गेल्या की परत मिळणं कठीण. वैमानिकाची विशिष्ट विमानावरची पात्रता सतत उड्डाण केल्यानेच जिवंत राहते, म्हणून तो दुसरीकडे जातो, आणि गेलाच पाहिजे. इंजिनिअर जातात, केबिन क्रू जातात. महिन्या-दोन महिन्यांत उरतं ते कार्यालय, काही जुनी विमानं, खटले आणि नाव.

जेट एअरवेजचं जे झालं ते या सगळ्याचं सविस्तर प्रात्यक्षिक होतं. ५ मे १९९३ रोजी सुरू झालेली ही मुंबईची कंपनी. सरकारी मक्तेदारी संपल्यावर आलेल्या खासगी कंपन्यांत ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी एकामागून एक बंद झाल्या आणि जेट उरली. भारतातल्या मध्यमवर्गाला वेळेवर सुटणारं विमान आणि अदबीने बोलणारे कर्मचारी ही अपेक्षा तिने लावली. पुढे एअर सहारा १४५० कोटींना घेतली, स्वस्त सेवांशी स्पर्धा झेपेना, कर्ज वाढत गेलं. १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान हे तिचं शेवटचं. वीस हजारांच्या आसपास माणसं एका रात्रीत बेकार झाली. अंधेरी, वसई, ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई अशा सगळीकडे ती घरं होती, आणि त्यातल्या अनेकांनी महिनोन् महिने वाट पाहिली, कारण कंपनी परत येणार असं सांगितलं जात होतं.

आणि ती परत येणार असं वाटायला कागदोपत्री आधारही होता. जून २०१९ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. कंपनी पुन्हा उभी करण्याची जालान आणि कालरॉक यांच्या गटाची योजना कर्जदात्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये आणि न्यायाधिकरणाने जून २०२१ मध्ये मंजूर केली. मे २०२२ मध्ये उड्डाणाचा परवानाही पुन्हा मिळाला, चाचणीची उड्डाणं झाली, नवे अधिकारी नेमले गेले. वर्तमानपत्रांत जुन्या निळ्या-सोनेरी शेपटीचे फोटो परत आले. मग सगळं पैशावर अडलं. पहिल्या हप्त्याचे ३५० कोटी भरायचे होते. २०० कोटी भरले, उरलेले दीडशे बँक हमीतून वळते करून घ्या असं गटाचं म्हणणं. कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी द्यायचा की नाही यावर वाद. तो निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागला. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ खालचे आपले विशेष अधिकार वापरून कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

या साडेपाच वर्षांत एकही तिकीट विकलं गेलं नाही. कर्मचाऱ्यांचं देणं मात्र त्या आशेवर लटकलेलं राहिलं. माझा आक्षेप इथे आहे. नाव पुन्हा उभं राहील या कल्पनेने कर्जदाते, न्यायाधिकरण आणि वर्तमानपत्रं भारावून गेली, आणि पहिल्याच वर्षी मोडीत काढून जे काही थोडं हाती आलं असतं ते ज्यांच्या घामाने ते नाव झालं त्यांना वेळेत मिळालं नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची विमानं थांबली तेव्हाही पुनरुज्जीवनाची भाषा झाली. जानेवारी २०२५ मध्ये तीही मोडीत निघाली. परदेशी मालकांनी विमानं परत मागितल्यावर तिथे उभं करायला काही उरलंच नव्हतं.

महाराष्ट्राला या विषयाचा एक फार जवळचा अनुभव आहे, आणि तो जळगाव-नाशिक-कोल्हापूरचा आहे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ साली सुरू झाली. तिच्या अंगावर आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ होता, आणि तो शोभेसाठी नव्हता. रेल्वेच्या वातानुकूलित डब्याच्या भाड्यात विमानात बसता येतं हे या देशात तिने दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली कितीतरी माणसं त्या कंपनीची प्रवासी होती. किंगफिशरने ती घेतली, २००८ मध्ये तिचं नाव पुसून किंगफिशर रेड केलं, आणि कॉमन मॅन गेला. ‘उडान’ योजना आल्यावर गोपीनाथ यांनीच ते नाव परत आणलं. २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईहून जळगावला लहानसं बीचक्राफ्ट विमान निघालं. नाशिक, पुणे, कोल्हापूर असे मार्ग ठरले. नाव चांगलं, संस्थापक तोच, हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण विमानं मोजकी, मुंबईच्या गर्दीत लहान विमानाला सोयीची वेळ मिळणं अवघड, आणि फेऱ्या रद्द होत राहिल्या. सकाळी मुंबईत काम उरकून संध्याकाळी परतायचं असेल तर आज विमान सुटेल का, हा एकच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर खात्रीने मिळेना. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवून ती सेवा थांबली.

आज जळगावला विमान आहे. गोव्यातून चालणाऱ्या फ्लाय९१ या मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने जळगाव आणि सिंधुदुर्ग आपल्या मार्गांवर घेतले. नाव कोरं आहे, कोणालाही त्यातून काही आठवत नाही. तिचे संस्थापक मनोज चाको एके काळी किंगफिशरमध्ये वरिष्ठ पदावर होते. मला यात या सगळ्या प्रश्नाचं सार दिसतं: किंगफिशरचं नाव कोणी घेतलं नाही, पण तिथे काम शिकलेला माणूस नवं काही उभं करू शकला. बुडालेल्या कंपनीतून पुढे जाण्यासारखं असतं ते माणसांच्या हातातलं काम.

एअर इंडियाची गोष्ट वेगळी, कारण ती कधी मेलीच नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. १९४६ साली कंपनीला एअर इंडिया हे नाव मिळालं, त्याच वर्षी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी महाराजा घडवला. ८ जून १९४८ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तरी जेआरडी अध्यक्ष राहिले, पार १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना दूर करेपर्यंत. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते जुहू हे उड्डाण लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केलं. २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परत आली तेव्हा लोकांना जो आनंद झाला त्यात हे सगळं होतं. पण टाटांनी १८ हजार कोटींच्या व्यवहारात परवाना, विमानं, माणसं, परदेशातले स्लॉट घेतले. नाव त्याबरोबर आलं. आणि नव्या मालकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये बोधचिन्ह बदललं, महाराजाला मागच्या रांगेत नेलं. अनेकांना ते रुचलं नाही. याआधी १९८९ मध्येही शेपटीचं रूप असंच बदललं होतं आणि लोकांच्या नाराजीमुळे जुनं परत आणावं लागलं होतं. या वेळी तसं होऊ नये असं मला वाटतं. कंपनी चालवणाऱ्यांनी आजच्या प्रवाशाकडे पाहावं; महाराजाची जागा संग्रहालयात मोठी आहे. खरी हळहळ वाटावी ती इंडियन एअरलाइन्सची. देशाच्या कानाकोपऱ्यात चोपन्न वर्षं ज्या कंपनीने विमानं नेली, तिचं नाव २००७च्या विलीनीकरणात गेलं आणि तिची साधी नीट नोंदही कुठे एकत्र नाही.

आठवणी काढताना काय गाळलं जातं, हेही या आढाव्यात आलंच पाहिजे. १ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचं पहिलं जंबो ‘एम्परर अशोक’ वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ माणसं गेली. त्या काळच्या चित्रसंग्रहांत त्या विमानाच्या झरोक्यांची नक्षी असते, शेवट नसतो. साडीतली सुहास्य हवाई सुंदरी त्या काळाचं प्रतीक म्हणून आजही छापली जाते. तिला पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावं लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाई, आणि पहिल्या गरोदरपणातही जाई. नर्गेश मिर्झा खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, तेव्हा त्या मुलींना थोडं हायसं वाटलं असेल. लग्नाची अट मात्र तेव्हा तशीच राहिली. आणि पॅन ॲमचं नाव घेताना मुंबईकराने ५ सप्टेंबर १९८६ विसरू नये. फ्लाइट ७३ मुंबईहून निघून कराचीत थांबलं होतं तेव्हा त्याचं अपहरण झालं. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोतने, तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, आपत्कालीन दारं उघडून प्रवाशांना बाहेर काढलं आणि ती मारली गेली. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तो निळा गोल जितका ट्रिपचा, तितकाच तिचा आहे.

मग या आपुलकीचं करायचं काय? न्यूयॉर्कने एक उत्तर दिलं आहे. केनेडी विमानतळावर एरो सारिनेनने बांधलेलं टीडब्ल्यूएचं १९६२चं टर्मिनल कंपनी २००१ मध्ये संपल्यावर रिकामं पडलं होतं. मे २०१९ मध्ये तिथे ५१२ खोल्यांचं टीडब्ल्यूए हॉटेल उघडलं. बाहेर जुनं कॉन्स्टेलेशन विमान उभं करून त्यात बसायची जागा केली. कोणी तिथून उडत नाही, तसं आश्वासनही नाही, आणि म्हणून ते चाललं आहे. पॅन ॲमची कागदपत्रं मायामी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत आणि अभ्यासकांना खुली आहेत. तिच्या माजी कर्मचाऱ्यांच्या आधाराने न्यूयॉर्कजवळ संग्रहालय चालतं. नावाच्या सगळ्या पुनर्जन्मांपेक्षा या दोन गोष्टींनी त्या कंपनीला जास्त टिकवलं.

आपल्याकडे पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्हजमध्ये जेआरडींच्या काळाची कागदपत्रं सांभाळलेली आहेत. एअर इंडियाने जमवलेली चित्रं, त्यात गायतोंडे, रझा, हुसेन आहेत, ती राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवली गेली. पण वायुदूत, ईस्ट वेस्ट, दमानिया, इंडियन एअरलाइन्स, जेट, डेक्कन यांचं काय? वेळापत्रकं, प्रशिक्षणाच्या वह्या, युनियनचे ठराव, गणवेश, स्वयंपाकघरातल्या याद्या, शेवटच्या दिवशीचे फोटो, हे सगळं निवृत्तांच्या कपाटांत आहे आणि घरं रिकामी होतील तसं रद्दीत जात आहे. कालिना-वाकोल्याची एअर इंडिया वसाहत पाडली जाऊ लागली तेव्हा तिथून काय काय गेलं याची कोणी यादी केली नाही.

नरिमन पॉइंटची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने केला आहे. तिथे सरकारी कार्यालयं येणार आहेत. त्या इमारतीतलं एक दालन मुंबईतल्या विमान कंपन्यांच्या कागदपत्रांसाठी, वस्तूंसाठी आणि कर्मचाऱ्यांच्या ध्वनिमुद्रित आठवणींसाठी राज्य सरकारने राखून ठेवावं. आणि ज्यांच्या घरी अशा वस्तू आहेत त्यांनी त्या टाकू नयेत. फोटोमागे नावं आणि साल लिहून ठेवावं, आणि ते दालन उघडेपर्यंत जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात त्यांची नोंद तरी करावी.